स्वस्तातलं जीपीएस आणि राईची हद्द

गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं, तर पुढच्या रविवारी तुमच्यातलेच काहीजण जीपमध्ये पातेली घालून तिथं पोचतील. आणि खरं सांगायचं तर पोचून बघण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. आजऱ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर, एसटी जिथं वळून परत फिरते तिथून पुढं चालत, एवढं पुरे.

लिहितोय ते आमच्या डोंगरवाल्या मंडळींनी धोशा लावलाय म्हणून. "तू ते यंत्र वापरलंयस, कुठलं घ्यावं ते सांग." सांगतो. पण ते कुठं नेलं आणि तिथं काय झालं हे वगळून नुसतं यंत्राबद्दल लिहिणं मला जमत नाही. ज्यांना फक्त यंत्र हवंय त्यांनी दुकानदाराकडं जावं, तो गोड बोलतो.

मंगळवार पेठ

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात विशाळगडाच्या वाटेवर धुकं उतरलं आणि आमचा गट एकाच टेकाडाला वळसे घालत राहिला. प्रत्येकजण छातीवर हात मारून "हीच वाट" म्हणत होता. शेवटी एका धनगराच्या कुत्र्यानं आम्हाला हुडकून काढलं. परत आल्यावर कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर ठराव झाला : जीपीएस घ्यायचं. म्हणजे हातात मावणारं यंत्र. आभाळातल्या उपग्रहांकडून संदेश घेऊन ते तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहात ते आकड्यांत सांगतं. उपग्रह अमेरिकेचे. पूर्वी तेच लोक त्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायचे. ती त्यांनी २००० साली काढली आणि मग ही यंत्रं आपल्यासारख्या भटक्यांच्या कामाची झाली.

गटाला यंत्र हवं होतं धुक्यासाठी. मला हवं होतं राईसाठी.

त्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, एका कंपनीला बॉक्साइट खणायचं होतं. अर्जासोबत तिनं जोडलेल्या नकाशात सगळा सडा पडीक दाखवलेला. सड्याच्या कडेला देवाची राई आहे, दाट, जुनी, आणि तिच्या पोटातून निघणाऱ्या झऱ्यावर खालचं गाव पाणी पितं, याचा त्या नकाशाला पत्ताच नव्हता. राईची हद्द कागदावर कधी कुणी आखलेलीच नव्हती, मग खोटं बोलायला काय जातंय? सुनावणी महिन्यावर आलेली. अक्षांश-रेखांशासह हद्दीचा नकाशा टेबलावर आपटला तर कंपनीचा खोटेपणा उघडा पडेल, असा माझा हिशेब. राई वाचली तर झरा वाचेल, झरा वाचला तर गाव. पणाला लागलं होतं ते एवढंच.

आमचा खजिनदार दिग्या. वडिलांचं पंपाचं दुकान, आणि याची जीभ पंपापेक्षा जोरात. त्याचा मावसभाऊ अमेरिकेतून येताना दोन यंत्रं घेऊन आला. एक पिवळं, साबणाच्या वडीएवढं, आटोपशीर. दुसरं थोराड, डोक्यावर बोटाएवढा अँटेना बाहेर आलेला. त्याला आम्ही शेपटीचं म्हणायला लागलो. पिवळं निम्म्या किमतीत. एक आम्ही ठेवायचं, दुसरं पुण्याला कुणीतरी घेणार होतं.

परीक्षा घ्यायला दोन्ही घेऊन कळंब्याच्या तलावाच्या बांधावर गेलो. वर लख्ख आभाळ. दोन्ही यंत्रांनी बघता बघता उपग्रह पकडले, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे. आम्ही हात वर करून बांधावर इकडून तिकडं चालतोय, तेवढ्यात म्हशी पाण्यावर आणलेल्या एका मामांनी हटकलं.

"पावणं, मोबाईल लागंना व्हय? हितं रेंज न्हाय."

"मोबाईल न्हवं मामा, उपग्रह शोधालोय," दिग्या म्हणाला.

"आस्सं? मला वाटलं कळंब्याच्या जेलातनं कोण पळालंय, त्येला हुडकालाय." मामा म्हशीच्या पाठीवर थाप मारून आमच्याकडं बघत राहिले.

दिग्यानं निकाल दिला, "आकडा सारखाच येतोय भावा. मग शेपटीला कशाला पैसे घालवायचं?"

मीही मान डोलावली. लोकवर्गणीतून पत्रकं छापून छापून माझी सवय अशी झालीय, की निम्म्या खर्चात काम होतंय म्हटलं की मला त्यात नीतीच दिसायला लागते. तर मंडळी, हे मनात पक्कं करा : उघड्या आभाळाखाली सगळीच यंत्रं शहाणी असतात. घ्यायच्या आधी दाट झाडाखाली उभं राहून बघा. आम्ही तलावावर बघितलं.

आजरा

आजऱ्यात उतरलो तेव्हा काजूचा हंगाम होता आणि कारखान्यांच्या बाजूनं भाजक्या टरफलांचा उग्र वास येत होता. खानावळीत घनसाळ तांदळाचा भात मिळाला. ताट टेबलावर यायच्या आधी त्याचा सुवास आला. आमच्या कोल्हापुरात भात असतो रस्सा संपवायला. इथं रस्सा बिचारा वाटीत अंग चोरून बसलेला, मान सगळा भाताचा. मी दोनदा मागून घेतला. त्या दिवसापुरता मी सुखी माणूस होतो, हेही नोंदवून ठेवतो.

गावात पोचलो ते पार्वती आक्कांच्या दारात. आक्का पंचायतीच्या सदस्य, पन्नाशीच्या, गळ्यात लिंग, माहेर सीमेपलीकडचं. झरा सड्यावरून खाली उतरला की पहिले वाफे त्यांचे. कंपनीचा माणूस गावात आला तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या देऊन "हे पाणी कुठलं म्हाईत हाय का?" असं विचारणाऱ्या त्याच.

"बस की. यवडं चालत आलास, तोंड बघ कसं झालंय," म्हणून त्यांनी गुळाचा कोरा चहा दिला आणि समोर ओल्या काजूबियांची रास ओतली. मदत करावी म्हणून मी एक बी सोलायला घेतली. बघता बघता बोटं जळायला लागली. चीक!

"आरं आरं, टाक ती! राख लावल्याबिगार हात लावतंय व्हय कोण?" आक्का हसत उठल्या. "कोल्लापूरच्या मानसाला समदं तिखाटच लागतंय बघ."

जेवायला त्याच बियांची उसळ, नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं. आमच्याकडं पाहुण्याला मटण नसलं की यजमानाची मान खाली. इथं राईच्या देवाची जत्रा होईपर्यंत गावात कुणी मटण शिजवत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. बोटं फुगलेली, तरी भाकरी सोडली नाही.

राई

या राईत लोखंड चालत नाही. कोयता, कुऱ्हाड दूरच. कमरेला किल्ल्या असल्या तर त्या बाहेरच्या दगडावर काढून ठेवायच्या. चपला तिथंच. आत पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, ती तिथंच कुजायची. चुलीला लाकूड नसेल तेव्हा बायका लांब उतरून खालच्या रानात जातात, पण दाराशी असलेल्या राईकडं हात करत नाहीत. पहारेकरी नाही, कुंपण नाही, दंड नाही.

यंत्रात लोखंड आहे का? मला ठाऊक नव्हतं. मग देवाला विचारायचं ठरलं. कौल लावायचा. पाण्यानं देवाच्या दगडाला दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. पाणी वाळेल तशी कळी पडणार, त्यात देव कुठला, असं पत्रक मी स्वतः एका जत्रेत वाटलेलं आहे. भाषा कडक होती.

तुका गुरव दगडापुढं उभे राहिले. घोगऱ्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले, "बा देवा, कोल्लापुरासनं पोरगं आलंय. हातात यंत्र हाय. त्यात काय हाय ते आमास्नी कळत न्हाय, तुला कळत आसंल. राई राखाय आलोय म्हनतंय. खरं आसंल तर उजवी दे. खोटं आसंल तर डावी दे, आमी त्येला एसटीत बशीवतो."

लोक हसले. मग सगळ्यांचे डोळे कळ्यांवर. उजवी कळी पडली. आणि मी, पत्रकवाला, किती वेळ श्वास धरून उभा होतो ते मला तेव्हा कळलं.

आत शिरलो. बाहेर कातळ तापलेला, आत पाऊल टाकलं की माठाच्या पोटात शिरल्यासारखा गारवा. अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली. वर बघितलं तर आभाळाचा तुकडासुद्धा नाही. यंत्रालाही तो दिसला नाही. पडद्यावर उपग्रहांच्या रिकाम्या चौकटी. एखादा सापडायचा, लगेच हरवायचा. हद्दीनं आम्ही चाललो ती रेघ पडद्यावर अशी उमटली, की कोंबडीनं अंगण उकरलंय. एके ठिकाणी तर यंत्रानं आम्हाला दरीत नेऊन उभं केलं.

"दिसंना व्हय त्येला?" आक्कांनी विचारलं.

"वरचं आभाळ दिसलं पाहिजे, आक्का. फांद्या आड येतात."

"म्हंजे मोतीबिंदू झालाय म्हन की यंत्राला. कोल्लापूरचा डाक्टर गाठ."

मलाही हसू आलं. दिवसभर फिरलो. एकही बिंदू धड लागला नाही आणि सेल मात्र संपले. गावच्या दुकानात विजेरीचे जाडे सेल, पेन्सिल सेल नाहीत. सुनावणी आठवड्यावर. मी सेल आणायला आजऱ्याला निघालो. निघताना आक्का म्हणाल्या, "जा, ये. तंवर बघू आमी काय हुतंय का." मला वाटलं, आक्का तोंडदेखलं बोलतायत.

आजऱ्यातून एसटीडी बूथवरून दिग्याला फोन लावला. "ते शेपटीचं पाठवून दे लेका, झाडीत तेच चालतं म्हणतात."

"ते पुण्याला गेलं की. आन् पिवळ्याला काय धाड भरलीय? कळंब्याला तर चालत हुतं!"

"कळंब्याच्या पाण्यात झाडं आहेत का?"

"आरं मग आधी सांगायचं न्हाईस व्हय, झाडीत न्यायचंय ते?"

हे त्याचं म्हणणं खोटं कसं म्हणू? मी फोन ठेवला.

पट्टा

सेल मिळेपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर चढलो आणि मला राई ओळखू येईना. तिच्या कडेनं उजेड होता. अख्ख्या राईभोवती, बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचा, उजेडाचा पट्टा. तोडलेले बुंधे पांढरेफेक, ताजे. चिकाचा वास. आणि पट्ट्यात सगळं गाव ओळीनं उभं, दमलेलं, घामेजलेलं, आनंदी.

आक्का पुढं आल्या. दोन्ही हातांवर ओरखडे. "बघ आता. दिसंल का न्हाई आभाळ?"

माझ्या तोंडातून काय काय गेलं ते इथं छापता येणार नाही. "कुणी सांगितलं तोडायला? कुणी?" असं मी ओरडत होतो. ओळीतल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. मग तुका गुरव म्हणाले, "तुमीच म्हनलासा, फांद्या आड येत्यात. द्येवाला इचारलं आमी. उजवी दिली त्येनं."

मग हळूहळू सगळं कळलं. कौल मिळाला तरी पहिला घाव घालायला कोणी धजेना. बापजाद्यांत कुणी घातलेला नाही. मग गावानं आपल्या रीतीनं मार्ग काढला : घरटी एक माणूस, आणि प्रत्येकानं प्रत्येक झाडावर एकेक घाव. पाप लागलंच तर सगळ्या घरांवर सारखं वाटलं जावं. कुऱ्हाडींना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, रडत रडत सुरुवात केली. आक्कांच्या घरी पुरुषमाणूस नाही, त्यांनी स्वतः घाव घातले.

मी खाली बसलो. यंत्राला नवे सेल घातले. आणि मग त्या पांढऱ्या बुंध्यांमधून हद्द चाललो, कारण दुसरं काय करणार होतो? यंत्र कमालीचं चाललं. चौकटी भरलेल्या, आकडे स्थिर, रेघ अशी सुरेख उमटली की ड्रॉइंगच्या मास्तरांनी शाबासकी द्यावी. पाठीमागं गाव चालत होतं आणि दर वळणावर विचारत होतं, "आलं का? आलं का त्यात?"

सुनावणी

गाव टेम्पो करून कोल्हापुरात आलं. आक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. मी नकाशा मांडला, आकडे वाचले, भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग कंपनीचा माणूस उठला. पांढरा शर्ट, हळू आवाज. त्यानं भाषण केलं नाही, सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढं फोटो ठेवले. पांढरे बुंधे.

"ही तोड कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

कुणीही सांगितलं असतं, कंपनीनंच केली. माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. पण तुका गुरव हात जोडून उभे राहिले. "आमीच केली साहेब. समद्या गावानं."

"का?"

"यंत्रापायी."

सभागृह हसलं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा ते कळत नाही. जे लोक खोटं बोलत नाहीत म्हणून ती राई टिकली, ते लोक खोटं बोलले नाहीत म्हणूनच ती गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, "गावकरीच झाडं तोडतायत साहेब, मग ही पवित्र कशी?" यावर मी तासभर बोलू शकलो असतो. बोललोही. साहेब म्हणाले, "मुद्दा नोंदवला."

बाहेर पडताना कंपनीच्या माणसानं माझ्याशी हात मिळवला. "तुमच्या नकाशाबद्दल आभार. आमच्या सर्व्हेअरला त्या झाडीत काही करता येत नव्हतं." चिडवत नव्हता तो. मनापासून म्हणाला.

पावसाळ्यानंतर मंजुरी आली.

पुन्हा सड्यावर

दिवाळी झाल्यावर आक्कांचा निरोप आला : यंत्र घेऊन ये. मला वाटलं, गाव कोर्टात जायला तयार झालं. दिग्याला घेऊन गेलो. वाटेत त्याला दम भरला, तिथं तोंड उघडायचं नाही. त्यानं उघडलं नाही. 

पट्टा आतपर्यंत सरकला होता. एकदा कुऱ्हाड शिरली आणि काही झालं नाही, कुणाचं पोर दगावलं नाही, गाय आटली नाही. मग कुणी आढ्याला एक खांब नेला, कुणी चुलीला फांद्या. आता कुणी कौलही लावत नव्हतं. तुका गुरव घरातून बाहेर येत नाहीत, असं कळलं.

आक्का मला सड्यावर घेऊन गेल्या. घरटी एक माणूस तिथं जमलेला होता.

"कंपनी यायच्या आदी झाडं वाटून घ्याची ठरलंय," त्या म्हणाल्या. "त्येंच्या ट्रकात जान्यापरीस आमच्या दारात पडूद्यात. पर नुसत्या नजरनं वाटं पाडलं तर डोकी फुटतील. तुजं यंत्र बराबर सांगतंय. दे पाडून."

मी म्हणालो, मी हे करणार नाही. राई वाचवायला आलेलो, तिचे तुकडे पाडायला नाही. अजून कोर्ट आहे, मोर्चा आहे.

"मोर्च्याला यीन मी," आक्का म्हणाल्या. "तू म्हनशील तितं यीन. पर ट्रक कवा यील, मोर्च्याआदी का मागनं? सांग की."

 घराघरांतली माणसं एकमेकांकडं बघत उभी होती, आणि काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या. मी यंत्र बाहेर काढलं. वर झाडं फारशी नव्हतीच. उपग्रह लगेच सापडले. दिग्यानं दोरी धरली. मी आकडे सांगत गेलो, ते खुणा करत गेले, आणि कुणाचं कुणाशी भांडण झालं नाही.

शेवटचा वाटा उरला तो झऱ्याच्या तोंडाचा. तिथं दगड, शेवाळ, चिखल. एक म्हातारं जांभूळ सोडलं तर झाड नाही. तो कुणी मागेना. मी दोनदा विचारलं.

"माज्या नावानं घाल त्यो," आक्का म्हणाल्या, आणि पदर खोचून त्या चिखलात जाऊन उभ्या राहिल्या, खूण कुठं करायची ते दाखवायला.